पोटात गेलेलं बेरियम बाधत का नाही?

बेरियम या धातूचे आयन, म्हणजे विद्युतप्रभार असलेले अणू, विषारी असतात. ते रक्तात गेले तर स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. तरीही अन्ननलिकेचा किंवा आतड्यांचा एक्स-रे काढण्याआधी रुग्णाला पाण्यात कालवलेलं बेरियम सल्फेट पेलाभर प्यायला देतात, आणि त्याचं विष बाधत नाही. कारण हे पांढरं चूर्ण जवळजवळ विरघळतच नाही. लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच मिलिग्रॅम, बस्स. ते आत जातं, एक्स-रे अडवून आतड्याचा आकार दाखवतं आणि जसंच्या तसं बाहेर पडतं. तेच बेरियम क्लोराइड असतं, तर १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम विरघळलं असतं आणि रुग्णाच्या जिवावर बेतलं असतं. बेरियम कार्बोनेट तर आणखी फसवं आहे. पाण्यात ते फारसं विरघळत नाही, पण जठरातल्या आम्लात विरघळतं. उंदीर मारायला ते वापरलं गेलं ते यामुळेच.

धातू एकच, मग एवढा फरक का? पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण, तर हायड्रोजनकडची किंचित धन असते. त्यामुळे क्षाराच्या स्फटिकातल्या आयनांना पाण्याचे रेणू चहूबाजूंनी घेरतात आणि ओढून सुटे करतात. मात्र स्फटिकातले आयनही एकमेकांना धरून असतात. मिठात सोडियम आणि क्लोराइडवर एकेकच प्रभार असल्याने ही पकड पाण्याला सुटते. बेरियम सल्फेटमध्ये दोन्हीकडे दुप्पट प्रभार असतो, आणि तिथे पाण्याची ओढ कमी पडते.

पण नुसत्या ओढाताणीवर सगळं ठरत नाही. मीठ विरघळताना थोडी उष्णता शोषली जाते, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात व्यवहार किंचित तोट्याचाच. तरी ते विरघळतं, कारण स्फटिकात शिस्तीत बसलेले आयन पाण्यात असंख्य प्रकारे विखुरू शकतात. या विखुरण्याच्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. मुरगळलेल्या पायावर ठेवायच्या काही झटपट थंड होणाऱ्या पिशव्यांत अमोनियम नायट्रेट असतं. पिशवी दाबली की ते पाण्यात मिसळतं आणि विरघळताना भरपूर उष्णता ओढून घेतं.

तेल आणि पाण्याचं वैर असतं, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. तेलाच्या आणि पाण्याच्या रेणूंमध्येही थोडं आकर्षण असतंच. पण तेलाच्या रेणूभोवती पाण्याच्या रेणूंना विशिष्ट मांडणीत राहावं लागतं, त्यांची मोकळीक कमी होते. तेल एकत्र गोळा झालं की ती परत मिळते.

तापमानाचा परिणाम पदार्थागणिक बदलतो. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. पाणी उकळीपर्यंत तापवलं तरी हा आकडा ३९ च्या आसपासच राहतो. साखर मात्र २०० ग्रॅमवरून जवळजवळ ४९० ग्रॅमपर्यंत जाते. वायूंचं उलट आहे. शून्य अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साडेचौदा मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साधारण साडेसात. तळं तापलं की मासे गुदमरतात, त्यामागे हे एक मोठं कारण असतं.

वायूंच्या बाबतीत दाबही महत्त्वाचा. दाब जितका जास्त, तितका वायू द्रवात अधिक विरघळतो, हे विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलं. सोड्याची बाटली उघडताच फसफसते ती दाब उतरल्यामुळे. खोल समुद्रातून घाईने वर येणाऱ्या पाणबुड्याच्या रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळलेल्या नायट्रोजनचेही असेच बुडबुडे होतात, आणि ते प्राणघातक ठरू शकतात.

शरीरातल्या विद्राव्यतेचे इतरही परिणाम दिसतात. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, त्यामुळे जास्तीचं बहुतांशी लघवीवाटे निघून जातं. अ आणि ड स्निग्ध पदार्थांत विरघळतात, शरीरात साठतात, म्हणून त्यांच्या गोळ्या मनाने वाढवू नयेत. लघवीत कॅल्शियम ऑक्झॅलेट विरघळण्याच्या मर्यादेबाहेर गेलं की त्याचे खडे धरू लागतात. भरपूर पाणी प्या असं डॉक्टर सांगतात ते लघवी पातळ राहावी म्हणून.

औषध बनवणाऱ्यांना तर दोन्हीकडे सांभाळावं लागतं. गोळी पोटातल्या पाण्यात विरघळली नाही, तर औषध रक्तात पोचत नाही. म्हणून पुष्कळ औषधं क्षाराच्या रूपात बनवतात. वेष्टनावर डायक्लोफेनॅकपुढे ‘सोडियम’ किंवा मेटफॉर्मिनपुढे ‘हायड्रोक्लोराइड’ लिहिलेलं असतं ते याचंच. पण पेशींचं आवरण स्निग्ध असतं. पाण्यातच रमणारा रेणू त्यातून सहजी पलीकडे जात नाही, त्याला बहुधा एखाद्या वाहक प्रथिनाची मदत लागते.