वनस्पती-अर्कांची जंतुरोधक चाचणी

वनस्पतीच्या पानांतून, सालीतून किंवा मुळांतून काढलेला अर्क रोगकारक जंतूंची वाढ थांबवतो का आणि किमान किती प्रमाणात थांबवतो, हे प्रयोगशाळेत ठरवण्याची पद्धत. औषधी वनस्पतींवरील संशोधनाची ही पहिली चाळणी होय. अर्काने माणसाचा रोग बरा होतो की नाही, हे या चाचणीवरून सांगता येत नाही.

इतिहास : अगरच्या (जंतू वाढवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या घट्ट माध्यमाच्या) थरातून द्रव्य पसरू देऊन त्याचा जंतूंवरील परिणाम पाहण्याची कल्पना सामान्यतः डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंक यांच्या १८८९ च्या कामापर्यंत नेली जाते. त्यांनी ऑक्झिनांचा जंतूंवरील परिणाम तपासला, असे विधान अनेक आढावा-लेखांत आढळते. मात्र ते ग्राह्य धरता येत नाही, कारण ऑक्झिने ही वनस्पती-संप्रेरके १९३० च्या दशकात वेगळी केली गेली. बायेरिंक यांचे तंत्र ऑक्झॅनोग्राफीचे, म्हणजे जंतूंच्या वाढीला कोणती पोषकद्रव्ये लागतात हे शोधण्याचे होते. रोधक द्रव्यांपुरते पाहता फ्लेमिंग यांनी १९२० च्या दशकात वापरलेली, अगरमध्ये चर पाडण्याची पद्धत अधिक जवळची पूर्वज वाटते. पेनिसिलीन मोजण्यासाठी हीटली यांनी ऑक्सफर्डमध्ये १९४० च्या सुमारास नळकांडी वापरली. आज प्रचलित असलेली कागदी चकत्यांची प्रमाणित पद्धत बावर, कर्बी, शेरिस व टर्क यांनी १९६६ मध्ये मांडली. वनस्पतींची मोठ्या संख्येने चाळणी करणाऱ्या आरंभीच्या कामांत ऑस्बोर्न यांचे १९४३ चे सर्वेक्षण महत्त्वाचे आहे. त्यात सुमारे २,३०० वनस्पती तपासल्या गेल्या.

अर्क : वनस्पतीची ओळख तज्ज्ञाकडून पक्की करून तिचा वाळवलेला नमुना वनस्पतिसंग्रहालयात क्रमांकासह ठेवावा लागतो, याशिवाय निष्कर्ष पुन्हा पडताळता येत नाहीत. सावलीत वाळवलेली भुकटी साधारणतः १० ग्रॅमला १०० मिलि. विद्रावक या प्रमाणात २४ ते ४८ तास हलवत ठेवतात, गाळतात आणि ४० अंश से. खाली कमी दाबाने विद्रावक उडवतात. पाणी, मिथेनॉल, ॲसिटोन व हेक्झेन यांत उतरणारी द्रव्ये वेगवेगळी असतात. म्हणून विद्रावक आणि अर्काचा शेकडा उतारा न नोंदवलेला निष्कर्ष अपुरा समजावा.

थाळीवरील पद्धत : ४ मिमी जाडीच्या म्यूलर-हिंटन अगरवर ०.५ मॅकफारलंड (गढूळपणा मोजण्याचे प्रमाण) इतक्या गढूळपणाचे, म्हणजे मिलिलिटरला सुमारे १५ कोटी जंतू असलेले निलंबन पसरतात. त्यावर चकती ठेवतात किंवा अगरमध्ये भोक पाडून अर्क भरतात. ३५ अंश से.ला १६ ते १८ तासांनी वाढरहित वर्तुळाचा व्यास मोजतात. पद्धत स्वस्त व सोपी असल्याने तिचा अतिवापर झाला आहे. वर्तुळाचा आकार द्रव्याच्या प्रभावाबरोबरच ते अगरमधून किती पसरते यावरही अवलंबून असतो. तैलयुक्त किंवा मोठ्या रेणूंची द्रव्ये जेमतेम पसरतात आणि प्रभावी असूनही लहान वर्तुळ देतात. त्यामुळे दोन अर्कांची तुलना मिलिमीटरांवरून करू नये. प्रतिजैविकांसाठी ठरलेले ‘संवेदनशील’ व ‘प्रतिरोधी’ हे व्यासाचे निकषही अर्कांना लावता येत नाहीत.

किमान रोधक संहती : जंतूंची दिसणारी वाढ थांबवणारे अर्काचे सर्वांत कमी प्रमाण म्हणजे किमान रोधक संहती. ती काढण्यासाठी ९६ खळग्यांच्या पट्टीत अर्काचे दर वेळी निम्मे होत जाणारे विरलन करतात. डायमिथाइल सल्फॉक्साइड या विद्रावकात मिलिलिटरला १०० मिग्रॅ. असा मूळ द्राव केल्यास तो द्रवमाध्यमात ५० पट विरल करावा. त्यातील १०० मायक्रोलिटरमध्ये तितकेच जंतुनिलंबन मिसळल्यावर अर्क मिलिलिटरला १ मिग्रॅ. आणि विद्रावक १ टक्का उरतो. विद्रावक याहून फारसा वाढू देऊ नये, अन्यथा वाढ अर्काने थांबली की विद्रावकाने, हे कळत नाही. प्रत्येक खळग्यात अखेरीस मिलिलिटरला सुमारे ५ लाख जंतू असावेत. सुरुवातीला घातलेले जंतू जास्त झाले की किमान रोधक संहती फुगलेली दिसते. केवळ माध्यम, जंतूंसह माध्यम, जंतूंसह विद्रावक आणि ज्ञात प्रतिजैविक असे चार नियंत्रण-खळगे अनिवार्य आहेत.

चुका बहुधा पुढील ठिकाणी होतात. हरितद्रव्याने रंगलेल्या अर्कात गढूळपणा दिसत नाही, म्हणून रेझाझुरिन हे सूचक घालतात. जिवंत जंतू त्याचा निळा रंग गुलाबी करतात. पण क्षपणकारी (इतर द्रव्यांना इलेक्ट्रॉन देणारे) अर्क जंतूंविनाही तोच रंग देतात. यासाठी जंतूरहित अर्काचा एक खळगा हवा. टॅनिने प्रथिनांशी बांधली जातात. ती विशिष्ट प्रभावाविनाही जंतूंची वाढ रोखतात. काही पॉलिफिनॉले माध्यमातच ऑक्सिडीकरण पावून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात; कॅटॅलेज हे पेरॉक्साइडचे विघटन करणारे विकर घातल्यावर प्रभाव नाहीसा झाला तर तो पेरॉक्साइडचा होता असे समजावे. बाष्पशील तेले शेजारच्या खळग्यांत पोचतात, म्हणून पट्टी झाकून सीलबंद ठेवावी लागते.

निकष : किती संहती ‘लक्षणीय’ मानावी यावर मतभेद आहेत. काही अभ्यासक मिलिलिटरला १ मिग्रॅ.पर्यंतचा अर्क नोंद घेण्याजोगा मानतात. रिओस व रेसिओ यांनी २००५ मध्ये अर्कांसाठी १०० मायक्रोग्रॅम आणि शुद्ध संयुगांसाठी १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली. हीच कडक मर्यादा अधिक उपयुक्त ठरते, कारण १ मिग्रॅ.च्या वर जवळजवळ कोणताही दाट अर्क काहीतरी परिणाम दाखवतो आणि इतकी संहती रक्तात गाठणे सहसा शक्य नसते. सोबत सस्तन पेशींवरील विषारीपणा तपासून निवडकता-गुणोत्तर (पेशींना विषारी ठरणारी संहती भागिले जंतुरोधक संहती) काढावे. जो अर्क पेशी आणि जंतू एकाच प्रमाणात मारतो, तो औषध म्हणून निरुपयोगी.

एकत्रित प्रभाव : दारुहळदीच्या कुळातील बर्बेरिन हे द्रव्य स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूतील नोर-ए पंप, म्हणजे नको असलेली द्रव्ये बाहेर टाकणारे पेशीपटलातील प्रथिन, पेशीबाहेर फेकतो. याच कुळातील काही वनस्पतींत हा पंप रोखणारे ५′-मिथॉक्सिहिडनोकार्पिनही असते, असे २००० मध्ये दाखवले गेले. त्याला एकट्याला जंतुरोधक गुण जवळपास नाही; पण ते पंप रोखत असल्याने बर्बेरिनचा प्रभाव वाढतो. अर्कातून घटक वेगळे करताना प्रभाव हरवतो, त्याचे एक कारण यातून मिळते. ग्रॅम-निगेटिव्ह (पेशीभित्तीबाहेर आणखी एक आवरण असलेल्या) जंतूंवर बहुसंख्य अर्क कमी पडतात, तेही त्यांच्या बाह्य आवरणामुळे आणि अशाच पंपांमुळे.

क्षयाचे जंतू सावकाश वाढत असल्याने त्यांच्या पट्ट्या सुमारे आठवडाभर ठेवाव्या लागतात आणि त्या काळात बाष्पीभवनाने कडेचे खळगे आटतात. म्हणून कडेच्या रांगांत निर्जंतुक पाणी भरतात.