वळीव पडला म्हणजे पावसाळा लागला नाही

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळंभोर होतं, वावटळ उठते, पत्रे वाजतात, टपोरे थेंब येतात आणि अर्ध्या तासात सगळं आटोपतं. दुसऱ्या दिवशी पारावर एकच विषय: पेरायचं का? कळकळीनं सांगतो, थांबा.

हा वळीव. वाफ त्यालाही समुद्रच पुरवतो, पण ढग उभा करते ती तापलेली जमीन. उन्हानं भाजलेली हवा सरळ वर उसळते आणि ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. तिथं पाण्याचं बर्फ होतं. म्हणून गारा, म्हणून विजांचा कडकडाट. ढगाचा पसारा एखाद्या शिवाराएवढा, त्यामुळे ओढ्याच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ. सकाळी पाहावं तर आभाळ स्वच्छ.

मोसमी पावसाचं मूळ फार लांब आहे. मादागास्करच्या पूर्वेला, दक्षिण हिंदी महासागरात हवेचा दाब जास्त असतो. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्याशी वळून वेग घेतात आणि अरबी समुद्रावरून वाफ भरून आणतात. जमीन इथंही तापलेली असते, पण तिचं काम या वाऱ्यांना ओढून घेण्याचं. पुढं सह्याद्री त्यांना अडवतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पाऊस, आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आलात की हजारही नाही! हा पाऊस रात्रीही पडतो, दिवसदिवस झिमझिमतो, विजा मात्र कमी.

म्हणूनच केरळात मान्सून जाहीर करताना हवामान खातं नुसता पाऊस मोजत नाही. पश्चिमेचे वारे किती उंचीपर्यंत वाहतात आणि ढगांचं आवरण किती दाट आहे, हेही तपासतं. तरीही ओढ बसते. 2025 साली मान्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोचला, इतका लवकर की सगळे हरखले. मग महिनाअखेरीपासून दोनेक आठवडे त्याची वाटचाल रखडली.

मुहूर्तापेक्षा मातीला विचारावं. वळवानंतर वावरात जाऊन वीतभर उकरा. वर दोन बोटं ओल आणि खाली कोरडा फुफाटा निघाला, तर बी उगवून करपणार आणि दुबार पेरणीचा खर्च बसणार. सोयाबीनसाठी 75 ते 100 मिमी पाऊस होऊ द्या, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. तेवढा झाला की मूठ दाबल्यावर खालच्या मातीचाही गोळा होतो.