देवाचं सार्वभौमत्व, माणसाची इच्छा आणि दुष्टाईचा प्रश्न: डॉर्टचा निकाल आणि त्यानंतरचं

देव सर्वसमर्थ आहे, चांगला आहे, मग जगात एवढी दुष्टाई कशी, हा प्रश्न वाचणाऱ्यांना माहीत आहे असं धरून चालतो. मला सांगायचंय ते वेगळंच. आज ख्रिस्ती लोकांत "सगळं देवाने आधीच ठरवलंय की माणूस खरंच निवडतो" ह्यावर जी भांडणं होतात त्यांची भाषा बरीचशी 1618-19 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टला (डॉर्ड्रेख्ट शहरात) भरलेल्या प्रोटेस्टंट धर्मसभेच्या निकालातून आलीये, आणि तो निकाल दुःखाबद्दल नव्हताच, तारणाबद्दल होता, म्हणजे देव कुणाला पापातून सोडवतो ह्याबद्दल.

त्याआधीचं थोडक्यात. उत्तर आफ्रिकेतल्या एका बिशपने पाचव्या शतकाच्या आसपास मांडलं की दुष्टाई ही स्वतंत्र वस्तू नाही, चांगल्याची उणीव आहे, आणि ती आली बिघडलेल्या इच्छेतून. पण तोच बिशप उतारवयात देवाच्या कृपेवर इतका जोर देऊ लागला की मग इच्छेला करायला उरलं काय, असं त्याच्या हयातीतच मठांमधले लोक विचारायला लागले. 529 मध्ये दक्षिण फ्रान्समधे ऑरांजला ठरलं की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते, पण देव कुणाला वाईटासाठी नेमून ठेवतो असं म्हणणाऱ्याला धिक्कार. हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती लोकांचा नाही हेही लक्षात ठेवायला हवं. इस्लाममधे आठव्या शतकापासून तो चाललाय, आणि ब्रह्मसूत्रांत (2.1.34) ईश्वरावर पक्षपात आणि निर्दयपणाचा आरोप घेऊन उत्तर दिलंय की तो कर्माकडे बघून फळ देतो, लगेच पुढच्या सूत्रात "मग पहिलं कर्म कुठून आलं" ह्यावर संसार अनादि आहे असं सांगितलंय.

आता रोम, म्हणजे कॅथलिक बाजू. 1588 मध्ये एका स्पॅनिश जेझुइटाने (जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) लिस्बनला पुस्तक छापलं, त्याचं म्हणणं असं की कोणता माणूस कुठल्या परिस्थितीत स्वतःहून काय करेल हे देवाला जग घडवायच्या आधीच माहीत असतं, म्हणून देवाची योजनाही टिकते आणि माणसाची मोकळीकही. डॉमिनिकन, म्हणजे दुसऱ्या एका कॅथलिक संघाचे लोक, भडकले. रोममधे वर्षानुवर्षं चौकशी चालली आणि 1607 मध्ये पोपने निकाल न देताच ती थांबवली, वर दोन्ही बाजूंना बजावलं की एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही. मला हा निर्णय त्या काळाच्या मानाने फार शहाणपणाचा वाटतो.

डच लोकांनी नेमकं उलटं केलं. लायडनच्या विद्यापीठातला एक प्राध्यापक म्हणत होता की देव तारणासाठी माणसं निवडतो ते पुढे कोण विश्वास ठेवेल हे बघून, त्याचा सहकारी म्हणत होता की नाही, निवड आधी आणि विश्वास हे त्या निवडीचं फळ. पहिला 1609 मध्ये वारला आणि 1610 मध्ये त्याच्या बाजूच्या पाळकांनी पाच कलमांचं निवेदन दिलं. हे निवेदन लोक न वाचताच त्यावर बोलतात म्हणून सांगतो, त्यातलं तिसरं कलम स्पष्ट म्हणतं की माणूस स्वतःच्या इच्छेच्या बळावर तारण देणारा विश्वास आणूच शकत नाही, कृपा हवीच. चौथं फक्त एवढंच म्हणतं की त्या कृपेला नकार देता येतो. आणि पाचव्यात, विश्वासातून माणूस कायमचा ढळू शकतो का ह्यावर, त्यांनी लिहिलं की हे पवित्र शास्त्रातून अजून तपासायला हवं. ह्या माणसांना "माणसाला देवापेक्षा मोठं करणारे" म्हणणं तेव्हाही अन्याय होता आणि आजही आहे.

नोव्हेंबर 1618 मध्ये डॉर्ड्रेख्टला सिनॉड, म्हणजे ती धर्मसभा, भरली. इंग्लंड, स्वित्झर्लंड, जर्मन संस्थानं इथून प्रतिनिधी आले, फ्रान्सच्या राजाने आपल्या लोकांना जाऊ दिलं नाही. निवेदनवाल्यांना बोलावलं ते सभासद म्हणून नाही, जाब द्यायला, आणि कामकाज कसं चालवायचं ह्यावर खटके उडत उडत 14 जानेवारी 1619 ला त्यांना हाकलून दिलं. म्हणजे पुढचा निकाल त्यांच्या गैरहजेरीत त्यांच्याच लिखाणावरून झाला. बाहेर राजकारण तापलेलंच होतं, स्पेनशी 12 वर्षांचा तह 1609 ला झालेला, तो करणारा मुत्सद्दी निवेदनवाल्यांच्या बाजूचा आणि सेनापती राजपुत्र विरुद्ध बाजूचा. परदेशी प्रतिनिधींसह शेवटची बैठक 9 मेला झाली आणि 13 मेला हेगमधे त्या सत्तरी ओलांडलेल्या मुत्सद्द्याचं डोकं उडवलं. निवेदनाच्या बाजूच्या दोनशेच्या आसपास पाळकांची पदं गेली, गप्प बसायचं लिहून द्यायला जे तयार नव्हते त्यांना देशाबाहेर काढलं.

आता निकालात काय होतं. ह्या मताचे पाच मुद्दे लक्षात ठेवायला TULIP हे पाच अक्षरांचं जे इंग्रजी सूत्र सगळ्यांना पाठ असतं ते 20व्या शतकातलं आहे, डॉर्टचा क्रम तो नाही, तिथे सुरुवात देवाच्या निवडीपासून होते आणि तिसरा-चौथा मुद्दा एकत्रच आहे. ख्रिस्ताचं मरण सगळ्या जगाच्या पापांना पुरेसं आहे असंही तिथे स्वच्छ लिहिलंय, फक्त ते लागू पडतं निवडलेल्यांना. पण आपल्या विषयासाठी खरी अडचण पहिल्याच भागात आहे. तिथे म्हटलंय की अविश्वासाचं कारण आणि दोष माणसात आहे, देवात अजिबात नाही, विश्वास मात्र देवाची देणगी आहे. देव पापाचा कर्ता आहे हा विचार तर निंदाच ठरवलाय. चांगल्याचं श्रेय पूर्ण देवाला आणि वाईटाचा दोष पूर्ण माणसाला! हे भक्तीच्या भाषेत बरोबर वाटतं, प्रार्थना करणारा कुठलाही माणूस असंच बोलतो, पण जो सगळं ठरवतो त्याने ही देणगी काहींना दिलीच नाही तर ते न मिळालेल्याचा दोष त्याच माणसाचा कसा, ह्यावर डॉर्ट शेवटी बायबलमधल्या रोमकरांस पत्रातलं पौलाचं वाक्य पुढे करतं, की देवाला उलट बोलणारा तू कोण.

1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनला भूकंप झाला, लोक चर्चमधे असताना. तिथून प्रश्नाचा रोखच बदलला. निवडलेले आणि न निवडलेले हा हिशोब मागे पडला आणि लहान मुलं ढिगाऱ्याखाली का मेली हे पुढे आलं. 1710 मध्ये एका जर्मन तत्त्ववेत्त्याने हे जग शक्य जगांपैकी सर्वांत चांगलं म्हटलं होतं, ते वाक्य नंतर लोकांना सहन होईना.

1955 मध्ये ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने म्हटलं की सर्वसमर्थ चांगला देव आणि दुष्टाई ह्यांत सरळ लॉजिकल विसंगती आहे, माणूस स्वतंत्र असूनही नेहमी चांगलंच निवडेल असं जग देवाने का नाही केलं? 1974 मध्ये ह्यावर गाजलेलं उत्तर आलं: खरी मोकळीक दिली तर माणूस काय निवडेल हे देवसुद्धा त्याच्याकडून करवून घेऊ शकत नाही. हे उत्तर देणारा डच मुळाच्या अमेरिकन चर्चमधला, जिथे डॉर्टचा निकाल आजही विश्वासाच्या कबुलीचा भाग आहे, आणि त्याने धरलेली मोकळीक मात्र डॉर्टवाल्यांना न पटणारी. डॉर्टवाल्यांच्या लेखी मनाला वाटतं ते करता आलं की माणूस मोकळा, दुसरं काही करता आलं असतं का हा प्रश्नच नाही. ह्या दोन मोकळिकी लोक वादात सरमिसळ करून वापरतात म्हणून वाद संपत नाही.

1979 ला देवाच्या अस्तित्वाविरुद्धचा युक्तिवाद आणखी बदलला, जंगलाच्या आगीत होरपळून कुणाच्याही नजरेआड मरणाऱ्या हरणाच्या पिलाचं उदाहरण घेऊन. तिथे मोकळिकीचं उत्तर पोचत नाही, पिलाने काही निवडलेलं नसतं. मग काही लोक म्हणाले की भविष्यातली निवड अजून झालेलीच नाही, देवालाही ती आधी माहीत नसते. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल (बायबलला शेवटचा अधिकार मानणाऱ्या प्रोटेस्टंट) अभ्यासकांच्या एका संघटनेत असं मांडणाऱ्या दोघांना काढायचा ठराव 2003 मध्ये आला, दोन-तृतीयांश मतं पडली नाहीत म्हणून दोघेही राहिले. हरणाच्या पिलाबद्दल त्यांच्याकडेही वेगळं उत्तर नव्हतं, आग लागलेली तर त्यांच्याही देवाला दिसतच होती.