अल्टो ८०० की अल्टो के१०? स्टेशनला लावून ठेवायच्या गाडीचा हिशेब

बदलापूरला एक जुनी अल्टो बघायला गेलो होतो. मागे चकचकीत ‘के१०’ लिहिलेलं. एजंटही तेच घोकत होता, “के-टेन आहे साहेब, पिकअप बघा.” आरसी मागितली, तर सीसीच्या रकान्यात ७९६. म्हणजे गाडी सरळसरळ अल्टो ८००, अक्षरं नंतर डकवलेली. “आधीच्या मालकाने लावलं असेल,” म्हणत तो एसी किती थंड आहे ते सांगू लागला.

घोळ होतो, कारण दोन्ही अल्टोच आणि लांबून बहिणी-बहिणी दिसतात. के१० म्हणजे ८००चंच वरचं मॉडेल, असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण एलएक्सआय, व्हीएक्सआय ही मॉडेलं दोन्हींत सापडतात. खरा फरक बॉनेटखाली आहे. ८००ला ७९६ सीसीचं, साधारण ४८ पीएस (म्हणजे जवळपास तितकीच अश्वशक्ती) ताकदीचं इंजिन, जुन्या मारुती ८००च्या घराण्यातलं. के१०ला ९९८ सीसीचं, ६७-६८ पीएसचं.

‘के१० नवी, ८०० जुनी’ हेही खरं नाही. के१० आली २०१० मध्ये, तेव्हाच्या अल्टोच्याच अंगात. अल्टोला ‘८००’ हे नाव लागलं २०१२ मध्ये. के१०ने २०१४ला रूप बदललं, २०२०ला ती बंद झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पार वेगळी होऊन परतली. ८०० थांबली २०२३ मध्ये. त्यामुळे बाजारात २०११ची के१० आणि २०२२ची ८०० शेजारी-शेजारी उभ्या दिसल्या तर दचकू नका.

आता काम काय आहे ते बघू. घर ते स्टेशन चार किलोमीटर, वाटेत रिक्षा, खड्डे आणि फाटक. सकाळी सातची लोकल, गाडी दिवसभर पे अँड पार्कमध्ये उन्हात, रात्री आठला परत. या रस्त्यावर तिसऱ्या गिअरच्या वर जाणं होतच नाही, मग वीस पीएस जास्तीचे घेऊन करायचं काय? उलट २०१४ची के१० ही २०१२च्या ८००पेक्षा पंधरा सेंटिमीटर लांब आहे. दोन गाड्यांच्या फटीत घुसवताना तेवढंही नडतं. विम्यातही के१०चा तोटा नाही आणि ८००चा फायदा नाही: दोन्ही १००० सीसीच्या आत, त्यामुळे थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता २०२२च्या दरानुसार सारखाच, कर सोडून २,०९४ रुपये.

के१० घ्यायची ती दोन कारणांनी. एक, दर रविवारी चौघांना बसवून, एसी लावून घाट चढायचा असेल; तिथे ८०० धापा टाकते. दुसरं, क्लच नको असेल. २०१४ नंतरच्या के१०त ऑटो गिअर मिळतो, ८००त कधीच नव्हता. ८०० घेताना मात्र अगदी खालचं मॉडेल टाळा, त्याला पॉवर स्टिअरिंग नसायचं. पार्किंगवाला “अजून थोडी आत घ्या” म्हणाला की खांदे आठवण करून देतात.

पण ८००ची खरी गोम आहे टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारा पट्टा. के१०ला चेन आहे, ती बदलण्याची वेळ सहसा येत नाही. ८००ला रबरी बेल्ट, आणि रबर किलोमीटरसारखंच वर्षांनीही म्हातारं होतं. स्टेशनची गाडी दहा वर्षांत पस्तीस हजारसुद्धा चालत नाही. मालक अभिमानाने सांगतो, “फार चाललेली नाही.” मीटर बघून आपणही खूश होतो आणि बेल्ट मूळचाच राहतो. तो तुटला की गाडी जागच्या जागी बंद. घेतल्या घेतल्या बदलायचा खर्च किमतीत धरूनच भाव करा.

बाकीची दुखणी दोन्हींची सारखीच. चार किलोमीटरच्या फेरीत बॅटरी नीट भरत नाही, म्हणून रविवारी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर फिरवावी. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी ठेवली की मागचे ब्रेक धरतात. सपाट जागा असेल तर पहिल्या गिअरमध्ये लावून चाकाला दगड द्यावा. आणि आमच्या भागातली २०१९ किंवा त्याआधीची गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. २७ जुलै २०१९ला उल्हास नदी बदलापुरात शिरली होती, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली तो दिवस. वरचा पट्टा पुसलेला असतो, आतल्या गुंडाळीतला चिखल कोणी पुसत नाही.

मी शेवटी ८००च घेतली, दुसरीकडून. मीटर ३१ हजारांवर. गॅरेजवाल्याने जुना बेल्ट काढून हातात दिला. बाहेरून काळाभोर, धड वाटत होता. उलटा वाकवला तर दातांच्या मुळाशी ओळीने बारीक भेगा.