जुन्या पोस्टकार्डांच्या गठ्ठ्यातून घराण्याची माहिती कशी काढावी

पोस्टकार्डांचा जुना गठ्ठा हाती आला की घरातले सगळे त्यावर तुटून पडतात. आजोबांची कार्डे एका भावाकडे जातात, आत्याची दुसऱ्याकडे, आणि राणीछाप किंवा राजाछाप कार्डे तिकिटे जमवणाऱ्या पुतण्याकडे. असे करू नका, ही पहिली विनंती. एकटे कार्ड फार थोडे सांगते. ‘आम्ही सर्व खुशाल, तुमचे खुशालीचे पत्र पाठवावे’ यापलीकडे त्यात बहुधा काही नसते. तीच ८०-१०० कार्डे तारखेने लावून वाचली की मायना बदलताना दिसतो, पत्ता बदलताना दिसतो, एखादे नाव अचानक थांबते आणि दुसरे सुरू होते. घराण्याची माहिती या बदलांमध्ये असते. गठ्ठा वाचून नोंदी करण्याचे काम आमच्याकडे द्या किंवा घरीच करा, गठ्ठा मात्र एकत्र ठेवा.

गठ्ठा उघडण्यापूर्वी

पूर्वी बहुतेक घरांत आलेली कार्डे आकड्याच्या तारेत ओवून ठेवत. त्यामुळे कार्डाच्या मध्यावर भोक असते आणि भोकाभोवती गंजाचे तांबडे वलय. तार ओढून काढू नका, गंजलेली तार कार्ड फाडत येते. पक्कडीने तारेचे वरचे टोक कापा आणि कार्डे वरून एकेक उचला. सर्वांत वरचे कार्ड सर्वांत शेवटी आलेले असते. हा क्रम म्हणजे तुम्हाला फुकट मिळालेला पुरावा आहे. ज्या कार्डावरची तारीख वाचता येत नाही ते वरच्या आणि खालच्या कार्डांच्या मधले असणार. म्हणून वर्गवारीच्या आधी प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने (२बी) लहान क्रमांक घाला. बॉलपेन, स्टिकर आणि शिक्का वापरू नका.

शक्य असेल तर हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत करा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, कार्ड हवेतला ओलावा ओढून घेते, वाकते आणि एकमेकांना चिकटते. चिकटलेली कार्डे वाफ देऊन सोडवण्याचा प्रयत्न करू नका. त्या काळी कॉपिंग पेन्सिलचा वापर भरपूर होता. ती कोरडी असताना करडी, साधी दिसते, पण पाण्याचा अंश लागताच जांभळी होऊन पसरते. एक ओले बोट पुरेसे असते. कार्डे मऊ कोरड्या ब्रशने झटका, पुसू नका. हळदीकुंकवाचे डागही तसेच राहू द्या. ते मंगलकार्याचे कार्ड असल्याची खूण आहेत.

फाटलेल्या कार्डाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेपचा डिंक तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि त्याखालची शाई वाचता येईनाशी होते. लॅमिनेशन तर कधीच नको, ते परत निघत नाही. कसर दिसली तर कार्डे पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कार्डावर दव जमते. डांबरगोळ्या पेटीत ठेवायच्या असतील तर पुरचुंडीत बांधून, कार्डाला न टेकता ठेवा.

आधी पत्त्याची बाजू

मजकुराकडे वळण्याआधी पत्त्याची बाजू नीट पाहा. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले, किंमत पाव आणा. १९२२ मध्ये ते अर्धा आणा झाले. दशमान नाणी आल्यावर १९५७ मध्ये ५ नये पैसे झाले. ‘नये’ हा शब्द १९६४ मध्ये गेला, तेव्हा छापील तिकिटात ‘नये पैसे’ दिसले की कार्ड त्या सात वर्षांतच छापले गेले आहे. राजाराणीच्या चित्रांचेही तसेच: व्हिक्टोरिया १९०१ पर्यंत, सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज जानेवारी १९३६ पर्यंत, आणि सहावा जॉर्ज डिसेंबर १९३६ पासून. पण चित्रावरून फक्त ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच ठरते. घरात जुनी कोरी कार्डे पडून असत आणि दर वाढल्यावर त्यांवर जादा तिकीट चिकटवून ती वापरली जात. म्हणून चिकटवलेले तिकीट काढू नका, त्याच्यावरच शिक्क्याचा अर्धा भाग असतो.

शिक्के बहुधा दोन असतात, टाकल्याच्या गावचा आणि पोचल्याच्या गावचा. वर्षाचा आकडा सर्वांत आधी पुसतो. समजा ‘१२ जुलै’ एवढेच दिसते आणि मजकुरात ‘मंगळवार’ आहे. १२ जुलैला मंगळवार १९२७, १९३२, १९३८ आणि १९४९ मध्ये येतो. तिकिटावर सहावा जॉर्ज असेल तर पहिली दोन वर्षे बाद झाली. मजकुरात तिथी असेल तर उरलेल्या दोहोंपैकी एकच पंचांगाशी जुळते. वार, तिथी आणि शिक्का या तिघांपैकी दोन जुळल्याशिवाय आम्ही वर्ष पक्के लिहीत नाही, तुम्हीही लिहू नका.

पत्त्यातला पिनकोडही उपयोगी पडतो. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. त्याआधी मोठ्या शहरांत नुसता विभाग क्रमांक असे, मुंबई ४, मुंबई २८, पुणे ३०. तेच आकडे पुढे पिनकोडच्या शेवटी आले: ४००००४ गिरगाव, ४०००२८ दादर, ४११०३० सदाशिव पेठ. जिल्ह्याचे नाव जुने असेल तर नकाशात शोधताना गोंधळ होतो. ‘जि. कुलाबा’ म्हणजे आजचा रायगड (नाव १९८१ मध्ये बदलले), ‘पूर्व खानदेश’ म्हणजे जळगावकडचा भाग, ‘पश्चिम खानदेश’ म्हणजे धुळ्याकडचा. आजच्या सिंधुदुर्गातले गाव १९८१ पूर्वीच्या कार्डावर रत्नागिरी जिल्ह्यात असते.

मराठवाड्यातल्या घरांच्या गठ्ठ्यात निजामाच्या टपालाची कार्डे निघतात, ती १९५० पर्यंतची. त्यांवर फसली साल (निजामी राज्यातले महसुली वर्ष) असू शकते. फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. इसवी सन काढायला डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढे ५९१. गोव्याहून डिसेंबर १९६१ पूर्वी आलेल्या कार्डांवर पोर्तुगीज तिकिटे असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या फौजी नातलगाच्या कार्डावर गावाऐवजी ‘एफ.पी.ओ.’ (फील्ड पोस्ट ऑफिस, फौजेचे टपालघर) आणि क्रमांक असतो, शिवाय सेन्सॉरचा शिक्का. ठिकाण मुद्दाम लपवलेले असते, मजकुरात ते शोधण्यात वेळ घालवू नका. क्रमांक आणि तारीख मिळून फील्ड पोस्टाच्या यादीतून ठिकाण काढावे लागते, कारण तेच पोस्ट पलटणीबरोबर हलत असे.

मायन्यात नाते असते

मराठी पत्रातला मायना हा वंशावळीचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि बहुतेक लोक तोच गाळून नक्कल करतात. ‘ती. रू.’ म्हणजे तीर्थरूप, रूढीप्रमाणे स्वतःच्या आईवडिलांना. ‘ती. स्व.’ म्हणजे तीर्थस्वरूप, इतर वडीलधाऱ्यांना: काका, मामा, सासरे. हा भेद सगळेच पाळत नसत, पण एकाच लिहिणाऱ्याने दोन्ही वापरले असतील तर त्यावर विसंबता येते. ‘चि.’ धाकट्यासाठी, ‘रा. रा.’ बरोबरीच्यासाठी किंवा परक्यासाठी. ‘सा. न. वि. वि.’ साष्टांग नमस्कार, ‘स. न. वि. वि.’ सप्रेम नमस्कार, ‘अ. उ. आ.’ अनेक उत्तम आशीर्वाद. कोण कोणाला साष्टांग घालतो आणि कोण कोणाला आशीर्वाद देतो, एवढ्यावरून दोघांतला थोरला कोण ते ठरते.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते ‘सौ.’ (सौभाग्यवती, नवरा हयात) आणि ‘गं. भा.’ (गंगाभागीरथी, विधवा) या अक्षरांकडे. फेब्रुवारीच्या कार्डात ‘सौ. काकूस नमस्कार’ आहे आणि सप्टेंबरच्या कार्डात ‘गं. भा. काकूस’, तर काका या सात महिन्यांत गेले. मृत्यूची तारीख सांगणारे कार्ड गठ्ठ्यात शोधू नका. ते बहुधा मिळणार नाही. अशुभ वार्तेचे कार्ड कोपरा फाडून पाठवत, त्यावर ‘श्री’ लिहीत नसत, आणि वाचून झाल्यावर ते घरात न ठेवता फाडून टाकत. त्यामुळे तारीख दोन बाजूंनी कोंडून काढावी लागते. सुतकाचा उल्लेख इथे मदत करतो: दहा दिवसांचे सुतक म्हणजे भाऊबंद, विवाहित मुलीला आईवडिलांचे तीन दिवस. मात्र दहा दिवस उलटून गेल्यावर वार्ता कळली तर भाऊबंदांनाही तीनच दिवस धरत. म्हणून ‘तीन दिवस धरले’ एवढ्यावरून लिहिणारी लेक होती असे ठरवू नका. ते गाव लांबचे होते का, पत्र उशिरा पोचले का, हे शिक्क्यावरून आधी पाहा.

मुलींची नावे हा सर्वांत मोठा चकवा. लग्नात आडनावाबरोबर नावही बदलत असे. माहेरची कार्डे तिला ‘द्वारका’ म्हणत राहतात, सासरची ‘सरस्वती’, आणि तक्त्यात दोन बायका तयार होतात. एकाच घरच्या पत्त्यावर, एकाच बाळंतपणाचा उल्लेख असलेली दोन नावे दिसली की थांबा आणि तपासा. मुलग्यांत चकवा टोपणनावांचा: अण्णा, नाना, तात्या, बापू प्रत्येक पिढीत असतात. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या चालीने गोविंद रामचंद्र आणि रामचंद्र गोविंद आलटून पालटून येतात. टोपणनाव कधीही एकटे लिहू नका, लिहिणारा कोण आणि साल कोणते हे बरोबर लिहा. टोपणनाव तेच, अक्षर तेच, पण बापाचे नाव बदलले असेल तर दत्तकाची शक्यता धरा.

‘यांचे बिऱ्हाडी’ हे शब्द पत्त्यात दिसले तर यजमानाचे नाव जरूर नोंदवा. शिकायला किंवा नोकरीला गेलेला मुलगा बहुधा नात्यातल्याच घरी उतरे, आणि आज विस्मरणात गेलेली मामेआत्येची नाती अशाच पत्त्यांतून हाती लागतात.

मिती आणि मोडी

इसवी सन काढायला शके सालात गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९. शके १८६० म्हणजे १९३८-३९. नुसते संवत्सराचे नाव असेल तर ते ६० वर्षांनी परत येते, बहुधान्य संवत्सर १९३८ लाही आणि १९९८ लाही. इंदूर, ग्वाल्हेर, काशीकडच्या कार्डांत आणखी एक अडचण असते. तिकडच्या पद्धतीत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपला आषाढ वद्य तिकडे श्रावणातला असतो. तिकडे स्थायिक झालेली मराठी घरे आपली पद्धत पाळत, तिकडचा कारकून किंवा शेजारी पत्र लिहून देत असेल तर पाळेलच असे नाही. शुद्ध पक्षात फरक पडत नाही, वद्य असेल तर शिक्का पाहा.

मोडी कार्डांत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्वदीर्घ पाळलेले नसते, त्यामुळे नावे आणि गावे सर्वांत जास्त चुकीची वाचली जातात. मजकूर संदर्भाने कळतो, नाव कळत नाही. आम्ही संशयित नावाखाली रेघ देऊन शक्य ती दोन्ही वाचने देतो. घरातल्या ज्येष्ठांनी ती यादी पाहिली की बहुतेक शंका तिथेच मिटतात.

स्कॅन आणि नोंद

दोन्ही बाजू, रंगीत, ६०० डीपीआय. १४ × ९ सेंटिमीटरच्या कार्डाची एक बाजू टिफ (TIFF) फाइलमध्ये सुमारे २१ एमबी होते, म्हणजे शंभर कार्डांना साधारण सव्वाचार जीबी जागा धरा. कृष्णधवल स्कॅन करू नका. जुनी लोहयुक्त शाई तपकिरी होऊन फिकी पडलेली असते, आणि रंगीत स्कॅनमधली निळी वाहिनी (ब्लू चॅनेल) वेगळी काढली की तीच अक्षरे गडद दिसतात. कृष्णधवलात ही सोय जाते. मोबाइलने काढायचे असेल तर फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड, कॅमेरा कार्डाला समांतर. पुसट शिक्का किंवा पेन्सिलीचा ठसा वाचायला उजेड बाजूने तिरका पाडा.

फाइलचे नाव: कार्डाचा क्रमांक, मग ‘अ’ (पत्ता) किंवा ‘ब’ (मजकूर). तारीख नावात घालू नका, ती पुढे बदलते आणि सगळे दुवे तुटतात. तक्त्यात रकाने असावेत ते असे: क्रमांक, शिक्क्याची तारीख, लिहिलेली मिती, कोठून, कोठे, लिहिणारा, ज्याला लिहिले तो मायन्यासह जसाच्या तसा, उल्लेखिलेली माणसे, घटना. गठ्ठ्यात मनिऑर्डरीची कुपने असतील तर तीही घ्या, त्यांवरच्या दोन ओळींच्या निरोपात रक्कम आणि कारण दोन्ही असतात.

कार्डांतून निघालेली तारीख कागदोपत्री पडताळायची असेल तर गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक (जन्म-मृत्यू), शाळेचे जनरल रजिस्टर, वारसाच्या फेरफार नोंदी, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, या क्रमाने पाहा. तीर्थोपाध्यायांकडे जाताना मूळ गाव आणि आडनाव दोन्ही माहीत हवे. ते कार्डांतून आधी काढलेले असले तर हेलपाटा वाचतो.

पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचू शके, म्हणून नाजूक गोष्टी त्यात लिहीत नसत. ‘समक्ष भेटीत सांगेन’ किंवा ‘सविस्तर पाकिटातून’ असे जिथे येते तिथे तक्त्यात खूण करा. त्या तारखेच्या आसपासची पाकिटे आणि १९५० नंतरची आंतर्देशीय पत्रे घरात वेगळी ठेवलेली असतात, त्यांचा शोध घ्या. आणि जिवंत माणसांच्या आजारपणाची, मोडलेल्या सोयरिकीची, कर्जाची कार्डे कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकण्याआधी त्या माणसाला विचारा.

आमच्याकडे गठ्ठा आणताना चपट्या खोक्यात, रबरबँड न लावता, सुती कापडात गुंडाळून स्वतः आणा. कुरिअरने पाठवू नका. सोबत एका कागदावर आठवतील तेवढी नावे, टोपणनावांसह, आणि मूळ गाव लिहून आणा. अंदाज असेल तिथे ‘अंदाजे’ लिहा. कार्डे तुमच्यासमोर मोजून क्रमांक घालून घेतो आणि परत देताना त्याच क्रमाने मोजून देतो.