शेल्फवर ॲसिडची बाटली अजून का?

‘तुम्ही पर्यावरणपूरक क्लीनर विकता, मग टॉयलेटसाठी ॲसिड कशाला ठेवता? आणि मोठ्या कंपन्या जुनाच माल का काढत राहतात?’ ग्राहकांच्या या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

टॉयलेट क्लीनर

बाजारातल्या बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये 10 टक्क्यांच्या आसपास हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. भांड्यातला पिवळट थर हा मुख्यतः जड पाण्यातल्या क्षाराचा. हे ॲसिड तो काही मिनिटांत विरघळवतं. सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्व, तेच काम करतं. पण तेवढाच क्षार काढायला ते वजनाने जवळजवळ दुप्पट लागतं, महाग पडतं आणि वेळ घेतं. हायड्रोक्लोरिक मात्र क्लोरीन वापरणाऱ्या कारखान्यांतून जोडउत्पादन म्हणून निघतं, त्यामुळे ते स्वस्तच मिळतं.

खरं सांगायचं तर नदीच्या हिशेबात हे ॲसिड मोठा गुन्हेगार नाही. क्षाराशी मिळून त्याचं मीठच होतं. त्रास घरात आहे. वाफेने नळांचं क्रोम जातं. शहाबादी आणि कोटा या चुनखडीच्याच फरश्या, त्यामुळे थेंब पडला की चट्टा उठतो. आणि ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही एकाच दिवशी एकाच भांड्यात वापरू नका.

लिंबूसत्वाची पद्धत अशी: 50 ग्रॅम लिंबूसत्व अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवा. भांड्यातलं साचलेलं पाणी ब्रशने आत ढकला, नाहीतर द्रावण पातळ होऊन वाया जातं. मग द्रावण ओता, कडेच्या थरावर त्यातच भिजवलेली जुनी फडकी चिकटवा, रात्रभर ठेवा. सकाळी फडकी काढून घासा. फार जुना थर दोन-तीन रात्री घेतो. एवढी वाट बघायची तयारी नसलेल्यांसाठीच ती बाटली ठेवली आहे: जुनाट थर एकदा ॲसिडने काढा, पुढे आठवड्यातून एकदा लिंबूसत्व पुरतं.

(बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून होणाऱ्या फसफशीवर विसंबू नका. दोघं एकमेकांना मारतात, उरतं जवळपास साधं पाणी.)

पांढरं फिनाईल

इथे मात्र पाण्याचा प्रश्न खरा आहे. पाइन तेल पाण्यात मिसळण्यासाठी इमल्सिफायर लागतो. केमिकल बाजारात त्यासाठी स्वस्त मिळतो तो ‘एनपी’, म्हणजे नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट. सांडपाण्यात तो पुरता मोडत नाही. उरलेलं नोनिलफिनॉल माशांच्या शरीरात संप्रेरकासारखं वागतं. युरोपने 2005 पासून घरगुती क्लीनरमध्ये तो 0.1 टक्क्यावर आणून ठेवला.

मग तरी तो का वापरतात? कारण गिऱ्हाईक फिनाईल पारखतं ते बादलीत. टोपणभर ओतलं आणि पाणी दुधासारखं झालं की माल चांगला! प्रत्यक्षात तो दुधी रंग म्हणजे तेलाच्या बारीक थेंबांवर विखुरलेला प्रकाश. जंतू किती मरतात हे त्यावरून कळत नाही. एनपीऐवजी फॅटी अल्कोहोलवर आधारलेला इमल्सिफायर घेतला आणि प्रमाण नीट जुळलं नाही, तर बाटलीत वर तेलाचा थर धरतो. दुकानदार तो माल ‘भेसळीचा’ म्हणून परत पाठवतो. आमच्या फिनाईलमध्ये एनपी नाही. थर दिसला तर बाटली हलवून घ्या. तो दोष फक्त दिसण्याचा.

फेस आणि जाडी

भांड्यांच्या लिक्विडची जाडी बऱ्याचदा मिठाने आणलेली असते. जाड म्हणजे कडक, असं काही नसतं. फेसही स्वच्छतेचं माप नाही, पण कमी फेसाचं लिक्विड गिऱ्हाईक दुप्पट ओततं आणि मग ‘परवडत नाही’ म्हणून सोडतं. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

कपड्यांचं गणित पाण्याच्या जडपणावर चालतं. लिटरमागे 300 मिलिग्रॅम जडपणाच्या बोअरच्या पाण्याला 15 लिटरच्या बादलीमागे सुमारे 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, धुण्याचा सोडा आधी घाला आणि दहा मिनिटं थांबा. मग पावडर कमी लागते. रेशीम आणि लोकरीला सोडा नको. जास्त पडला तर कपडे खरखरीत होतात.

‘बायोडिग्रेडेबल’ हा शब्दही अर्धाच खरा. नेहमीच्या डिटर्जंटमधला एलएएस, म्हणजे मळ काढणारा मुख्य घटक, प्राणवायू असलेल्या पाण्यात मोडतो, नसलेल्या पाण्यात जवळपास नाही. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगतो तो मुख्यतः प्रक्रिया न झालेल्या घरगुती आणि कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे. लेबल बदलून तो जाणार नाही.

एकट्याने का बदलत नाहीत?

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन काउंटीने 2008 मध्ये डिशवॉशर पावडरीतल्या फॉस्फेटवर बंदी घातली. फॉस्फेट पाण्याचा जडपणा मारतं, पण नदीत शेवाळ वाढवतं. ग्लासांवर पांढुरका थर राहू लागला आणि लोक शेजारच्या आयडाहोतून जुनी पावडर आणू लागले. 2010 मध्ये अनेक राज्यांनी एकदमच नियम लावला, तेव्हा कंपन्यांनी देशभरचं सूत्र बदललं. जो आधी बदलेल त्याचं गिऱ्हाईक जाईल, ही भीती तेव्हा उरली नव्हती. आपल्याकडे मडक्याच्या चिन्हाचा इकोमार्क, म्हणजे पर्यावरणपूरक मालाचा सरकारी शिक्का, 1991 पासून आहे, पण ऐच्छिक. त्यामुळे फार थोड्यांनी घेतला.

रिफिलला येताना

बाटली धुतली असेल तर उलटी ठेवून पूर्ण वाळवून आणा. तळाशी राहिलेल्या पाण्याने लिक्विड पातळ होतं, त्यातलं प्रिझर्व्हेटिव्हही कमी पडतं आणि काही आठवड्यांत वास मारतो. ॲसिडच्या रिकाम्या बाटलीत मात्र आम्ही दुसरं काहीच भरून देत नाही.