काळाचे वर्गमूळ

सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपूर गावात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची जुनी रीत आहे. पेवातली हळद वर्षानुवर्षे टिकते याचे श्रेय बरेचसे हवाबंदपणाला जाते. पण वर वैशाखातले ऊन असो की पौषातली थंडी, खाली तापमान फारसे हलत नाही, हेही तिच्या पथ्यावर पडते. किती खोल गेल्यावर तापमानाची ही चढउतार थांबते, हा प्रश्न गणिताने सोडवता येतो. तो ज्या समीकरणाने सुटतो, तेच समीकरण आज शेअर बाजारातल्या ऑप्शनची, म्हणजे ठरल्या भावाने पुढे खरेदी वा विक्री करण्याच्या हक्काची, किंमत काढायलाही वापरले जाते, आणि हा योगायोग नाही.

हे समीकरण जोसेफ फूरिये यांचे. 1798 साली नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेले हे गणितज्ञ परत आल्यावर ग्रनोबल येथे प्रशासक म्हणून काम पाहत होते आणि कारभाराच्या धबडग्यातही उष्णता घन पदार्थांतून कशी पसरते याचा अभ्यास करीत होते. 1807 साली त्यांनी पॅरिसच्या विद्वत्संस्थेला निबंध सादर केला, तेव्हा लाग्रांज यांच्यासारख्या ज्येष्ठ गणितज्ञाने त्यातल्या पद्धतीवर आक्षेप घेतला, आणि पुस्तकरूपाने हे संशोधन लोकांसमोर यायला 1822 साल उजाडले. चिन्हे बाजूला ठेवली तर समीकरण एका वाक्यात मावते: एखाद्या जागेचे तापमान किती झपाट्याने बदलेल, हे ती जागा तिच्या लगतच्या जागांच्या सरासरीपेक्षा किती गरम किंवा थंड आहे, यावर ठरते. शेजाऱ्यांपेक्षा गरम असलेली जागा निवते, थंड असलेली तापते, आणि फरक जितका मोठा तितका बदल वेगवान.

या साध्या नियमातून एक अनपेक्षित गोष्ट बाहेर पडते. उष्णतेला दुप्पट अंतर गाठायचे असेल तर दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. म्हणजे तिने कापलेले अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दिवस आणि रात्र यांमधला तापमानाचा फरक मातीत साधारण 10 ते 15 सेंटीमीटर खाली जाईपर्यंत जवळपास एकतृतीयांश उरतो. उन्हाळा आणि हिवाळा यांचे चक्र 365 पट लांब असल्याने आणि 365 चे वर्गमूळ सुमारे 19 येत असल्याने, ऋतूंचा फरक तेवढाच कमी व्हायला 19 पट खोली, म्हणजे दोन ते तीन मीटर जावे लागते. माती ओली की कोरडी, मुरमाड की काळी यानुसार आकडे हलतात, पण 19 हे गुणोत्तर हलत नाही. आणखी गंमत म्हणजे वरची लाट खाली उशिरा पोहोचते. सहा-सात मीटरच्या सुमारास हा उशीर बरोबर सहा महिन्यांचा होतो, त्यामुळे वर कडाक्याची थंडी असताना तिथे वर्षातले सर्वांत उबदार दिवस चालू असतात. मात्र तोवर चढउतार मूळच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी झालेली असल्याने हा उलटा ऋतू हाताला जाणवत नाही.

मातीतल्या उष्णतेचे हे गणित बाजारात कसे पोहोचले हे पाहण्याआधी थोडे मागे गेले पाहिजे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘बीजगणित’ या ग्रंथात एक उदाहरण आहे. एकाजवळ सहा घोडे आणि 300 रूपे आहेत, दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत पण डोक्यावर 100 रूपांचे ऋण आहे, दोघांची मालमत्ता सारखी आहे, तर घोड्याची किंमत किती? चार घोडे म्हणजे 400 रूपे, म्हणून एका घोड्याचे 100. अज्ञात राशीला भास्कराचार्य ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि अज्ञात एकाहून अधिक असतील तर त्यांना काळा, निळा, पिवळा अशा रंगांची नावे देतात. समीकरणाला घोड्याशी देणेघेणे नाही. तिथे हळदीचे पोते ठेवले तरी उत्तर तेच. या तटस्थपणामुळेच एका विषयात सुटलेले समीकरण दुसऱ्या विषयात आयते हाती लागते.

फूरिये यांचे समीकरण असेच फिरले. 1827 साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली दिसले, की परागकणांतून बाहेर पडलेले सूक्ष्म कण पाण्यात अखंड थरथरत असतात. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी आदळत असल्याने हा कण दारुड्यासारखा झोकांड्या खात चालतो. तो अमुक वेळाने कुठे असण्याची शक्यता किती, हे आइनस्टाइन यांनी 1905 साली मांडले आणि ते समीकरण उष्णतेचेच निघाले. फक्त तापमानाच्या जागी शक्यता आली. इथेही चौपट वेळात कण सरासरीने दुप्पटच दूर जातो.

पण आइनस्टाइन यांच्या पाच वर्षे आधी, 1900 साली, लुई बाशेलिये या तरुणाने पॅरिसच्या विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात हेच गणित पॅरिसच्या रोखे बाजाराला लावले होते. त्याचे परीक्षक थोर गणितज्ञ आंरी प्वाँकारे यांनी प्रबंधाची प्रशंसा केली, तरी सट्ट्यावरचे गणित तेव्हाच्या गणितज्ञांना फारसे रुचले नाही आणि काम अनेक दशके दुर्लक्षित राहिले. पुढे भावातल्या रुपयांऐवजी टक्केवारीच्या बदलाचा विचार सुरू झाला, आणि 1973 साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी ऑप्शनच्या किमतीचे समीकरण प्रसिद्ध केले. थोडी चिन्हे बदलली की ते फूरिये यांच्याच समीकरणात रूपांतरित होते. ब्लॅक पदवीने भौतिकीचे, डॉक्टरेट उपयोजित गणितातली, तरी समोर आलेले समीकरण उष्णतेचेच आहे हे आपल्या लक्षात आले नव्हते, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले. सांगायला मोकळेपणा लागतो.

ऑप्शन म्हणजे ठरावीक तारखेला ठरावीक भावाने खरेदी वा विक्री करण्याचा हक्क, आणि त्यासाठी आगाऊ मोजायची रक्कम म्हणजे प्रीमियम. निर्देशांक 20,000 वर आहे, वर्षाची अस्थिरता, म्हणजे भाव वर्षभरात साधारण किती टक्के हलतो ते माप, 15 टक्के आहे आणि व्याजदर शून्य आहे असे धरले, तर त्याच भावाच्या एक वर्ष मुदतीच्या ऑप्शनचा प्रीमियम साधारण 1,200 येतो. निर्देशांक जागचा हलला नाही, तर मुदत तीन महिन्यांवर आली की तो 600 होतो, आणि सुमारे 23 दिवसांवर आली की 300. म्हणजे पहिल्या नऊ महिन्यांत 600 गेले आणि शेवटचे 300 अवघ्या 23 दिवसांत जायचे आहेत. एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपण्याची तारीख, जवळ आली की प्रीमियम भराभर वितळतो, हे निफ्टी या भारतीय निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्याला अनुभवाने ठाऊक असते आणि तो त्याला थीटा म्हणतो. त्यामागे आहे ते पेवाच्या खोलीतलेच वर्गमूळ.

मात्र समीकरण सहज स्थलांतर करते म्हणून त्याची गृहीतके नव्या जागी खरी ठरतीलच असे नाही. 1862 साली लॉर्ड केल्व्हिन यांनी पृथ्वी वितळलेल्या अवस्थेतून निवत आली असे धरून, याच समीकरणाने तिचे वय 2 कोटी ते 40 कोटी वर्षांच्या दरम्यान काढले. गणित चोख होते. पण पृथ्वीच्या पोटातही उष्णता मातीतल्यासारखीच हळूहळू झिरपते, हे त्यांचे गृहीत चुकीचे होते. एकेकाळचे त्यांचे सहायक जॉन पेरी यांनी 1895 साली नेमके यावरच बोट ठेवले. पृथ्वीचे आज मानले जाणारे वय सुमारे 454 कोटी वर्षे आहे.

बाजारातही तसेच झाले. भावाच्या झोकांड्या लहान आणि एकमेकींपासून स्वतंत्र असतात, या गृहीताला 19 ऑक्टोबर 1987 रोजी तडा गेला. त्या एका दिवसात अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक 22.6 टक्के कोसळला, आणि समीकरणाच्या हिशेबाने असा दिवस जवळजवळ अशक्य होता. व्यापाऱ्यांनी समीकरण टाकून दिले नाही. पण तेव्हापासून एकाच मुदतीच्या निरनिराळ्या भावांच्या ऑप्शनसाठी ते त्यात अस्थिरतेचा निरनिराळा आकडा घालू लागले. वास्तविक समीकरणानुसार तो सर्वांसाठी एकच असायला हवा. निफ्टीच्या ऑप्शनचा तक्ता उघडला तर आयव्ही (प्रीमियमवरून उलट काढलेली अस्थिरता) या रकान्यात ही तफावत दिसते: बाजारभावाच्या बऱ्याच खालच्या भावांसमोर तो आकडा सहसा चढा असतो.